खाटमास्तरांचा दुसरा नंबर

जहाजावर चढून चार दिवस झाले, तरी खाटमास्तरांच्या बायकोने अजून समुद्र पाहिला नव्हता.

सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. जहाज म्हटलं की चहूकडे पाणी, मान वळवली की समुद्र. पण मान वळवून बघायला खिडकी लागते, आणि यांची केबिन होती आतली. सहाव्या मजल्यावर लांबलचक बोळ, बोळाच्या एका बाजूला खिडकीच्या केबिनी, दुसऱ्या बाजूला बिनखिडकीच्या. यांच्या केबिनीत दोन पलंग, एक आरसा, एक टीव्ही, आणि इथे खिडकी आहे असं वाटावं म्हणून भिंतीवर लावलेला एक पडदा. पहिल्या दिवशी बायकोनेच तो सरकवला. मागे भिंत. "अहो," ती म्हणाली, "हे तर हुबेहूब आपल्या घरासारखं झालं."

घर म्हणजे हॉस्पिटलच्या आवारातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या. त्यांची एकुलती एक खिडकी बॉयलरच्या भिंतीवर उघडायची. त्या खिडकीशी शिलाई मशीन लावून तिने एकतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. वरच्या मजल्यावरच्या हवेशीर खोल्या या काळात तीनदा रिकाम्या झाल्या आणि तिन्ही वेळा ज्यांचा नंबर होता त्यांना मिळाल्या. खाटमास्तरांचा नंबर लागायच्या आत खाटमास्तर निवृत्त झाले.

खाटमास्तर हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हॉस्पिटलात कुठल्या वॉर्डात कुठली खाट रिकामी आहे आणि ती कुणाला द्यायची, हे ठरवणारा कारकून तो खाटमास्तर. रोज सकाळी सातला कानावर पेन्सिल खोचून ते वॉर्डावॉर्डातून फेरी मारायचे. खाट कधी मोकळी होणार हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं. नातेवाइकाने थर्मास विसळून पिशवीत ठेवला, म्हणजे पेशंट आज घरी जाणार. नातेवाईक थर्मास भरायलाच विसरला, म्हणजे पेशंट दुसऱ्या वाटेने जाणार. तसं झालं की वही उघडायची आणि पुढचा नंबर पुकारायचा. वशिला चालत नव्हता, चिठ्ठी चालत नव्हती, रडणं तर मुळीच नाही. "प्रत्येकाला आपलं दुखणं मोठं वाटतं," ते म्हणायचे. "नंबराला दुखत नाही." बोलायला वाक्य झकास होतं आणि ते त्यांनी एकतीस वर्षं वापरलं.

याच वहीतली एक गोष्ट सगळ्या हॉस्पिटलला पाठ होती. नोकरीचं दुसरंच वर्ष. सासूबाईंची कावीळ डोक्याला गेली आणि बायको आईला घेऊन आली. बायकांच्या वॉर्डात खाट नव्हती. खिडकीच्या आत नवरा, बाहेर बायको. "सहावा नंबर आहे. बाकावर बसा," नवरा म्हणाला. बसा म्हणाला, कारण खिडकीवर सगळ्यांना अहोजाहो करायचं हा नियम. सासूबाई बोळातल्या बाकावर चार दिवस होत्या. सहाचा नंबर दोनावर आला आणि त्या गेल्या.

निवृत्तीच्या समारंभात मोठ्या साहेबांनी हीच गोष्ट माइकवर सांगितली. "स्वतःच्या सासूसाठीसुद्धा या माणसाने रांग मोडली नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला, खाटमास्तरांची छाती वीतभर फुगली. पहिल्या रांगेत बायको बसली होती आणि पदराची शिवण उसवली आहे का ते बघत होती. त्या चार दिवसांबद्दल ती त्यांच्याशी कधी एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या न बोलण्याला खाटमास्तर संमती समजत आले. नवरे बहुतेक तसंच समजतात.

आता तिच्या मणक्यात दुखणं शिरलं होतं. डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, करण्यासारखं काही उरलं नाही, त्यांना आवडेल ते करा. आणि जिला उभ्या जन्मात कुणी काय आवडतं हे विचारलं नव्हतं, तिने विचारल्याबरोबर उत्तर दिलं. जणू पाठच करून ठेवलं होतं. "समोरचा काठ दिसत नाही असं पाणी मला एकदा बघायचंय."

लेकीने घाईघाईने जहाजाचं बुकिंग केलं. सात दिवसांची सफर. तिचे स्वतःचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे बरोबर येणं शक्य नव्हतं. खिडकीची केबिन शिल्लक नव्हती. एजंट म्हणाला, त्यात काय, वर गेलात की अपग्रेडच्या यादीत नाव घाला, कुणीतरी मधल्या बंदरात उतरतंच. यादी म्हटल्यावर खाटमास्तर निर्धास्त झाले. यादीवर त्यांचा देवाहून जास्त विश्वास.

चढताना बायको चाकाच्या खुर्चीत होती. धक्क्यापासून जहाजापर्यंत झाकलेला पूल. दोन्हीकडे पत्रा, वर पत्रा, पुढे माणसांच्या पाठी. पहिल्या संध्याकाळी खाटमास्तरांनी तिला वरच्या डेकवर न्यायचा प्रयत्न केला. लिफ्टपाशी गर्दी होती. ते रांगेत उभे राहिले. चार लिफ्ट भरून गेल्या, पाचवीत जागा मिळाली आणि नवव्या मजल्यावर येईपर्यंत खुर्चीतल्या बायकोची मान कलंडली. जहाजावरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की यांना आता बसवायचं नाही. कुशीवर झोपवून ठेवायचं, आणि डेकवरच्या वाऱ्याचं तर नाव काढायचं नाही. म्हणजे राहिलं काय? पलंगावरून दिसणारी खिडकी. तेवढीच.

चौथ्या मजल्यावरच्या काउंटरवर एक मुलगी बसायची. खाटमास्तरांनी तिच्याकडून अर्ज घेऊन सुवाच्य अक्षरात भरला. शेवटचा रकाना होता 'कारण'. त्यात त्यांनी पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ मारली. कारण काय, सगळ्यांनाच असतं. मुलीने नंबर दिला पाच.

केबिनीतल्या टीव्हीवर एक चॅनेल होता, जहाजाच्या नाकावर बसवलेल्या कॅमेऱ्याचा. त्यावर चोवीस तास करडं पाणी दिसायचं. खाटमास्तर तो लावून ठेवायचे. "बघ, आत्ता, या क्षणी बाहेर असंच आहे." बायको कुशीवर पडून बघायची. "टीव्हीतलंच बघायचं होतं तर घरी काय वाईट होतं," ती म्हणाली. "तिथे चहा तरी बरा मिळायचा." मस्करी करायची ताकद तेव्हा होती.

तिसऱ्या दिवशी बंदर आलं. एका मोठ्या कुटुंबाने दोन केबिनी सोडल्या, नंबर तीनवर आला. खाटमास्तर दिवसभर काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसून होते. फार जवळ नाही. खिडकीशी घुटमळणाऱ्यांचा त्यांना स्वतःला नोकरीत भारी राग. तासातासाने ते उठायचे, दोन जिने चढून केबिनीत यायचे, बायकोची कूस बदलायचे, पाठीशी उशी द्यायचे आणि परत येऊन बसायचे. तिने काही विचारलं नाही तरी ते सांगायचे, "तीन."

चौथ्या सकाळी सातला त्यांचे पाय आपोआप फेरीला निघाले. जित्याची खोड. बोळात खिडकीच्या बाजूच्या दारांबाहेर खाऊन झालेल्या नाश्त्याची ताटं ठेवलेली असत. खाटमास्तर ताटं वाचत चालले. इथे चाटूनपुसून, हा खडखडीत. इथे अर्धं, हा पथ्यावर. आणि चौतिसाव्या दाराशी ते थबकले. ताटावरचं झाकण काढलेलंसुद्धा नव्हतं. शेजारी कालचं ताट, तेही तसंच. दोन दिवस पोटात अन्न नाही. याचं दुखणं जास्त आहे, उद्याच्या बंदरात याला उतरवणार, नाहीतर बंदर यायच्या आतच. खाटमास्तरांना आनंद झाला. आनंदच झाला, त्याला दुसरं नाव नाही. हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि कानावर पेन्सिल नाही हे कळल्यावर ते भानावर आले. एक माणूस मरावा म्हणून आपण दाराशी उभे आहोत. ते तिथून जवळजवळ पळत सुटले.

पाचव्या दिवशी दुसरं बंदर आलं. एक केबिन रिकामी झाली. चौतिसाव्या दाराची नव्हे, दुसरीच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नंबर दोन झाला तुमचा."

"आता पुढचं बंदर?"

"पुढचं म्हणजे आपलं परतीचंच. मध्ये कुठे थांबत नाही."

"पण मध्येच कुणी..." खाटमास्तरांनी वाक्य पुरं केलं नाही. मध्येच कसं रिकामं होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

केबिनीत आले तेव्हा बायको जागी होती. "दोन," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना स्वतःलाच तो आकडा कुठेतरी बोचला. बायकोने नुसते डोळे मिटले.

तेव्हा ते जाऊन त्या चौतिसाव्या दारावर टकटक करते झाले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बुडत्याला काडीचा आधार.

"जेवण नको म्हटलं ना!" आतून खणखणीत आवाज आला. मरायला टेकलेल्या माणसाचा हा आवाज नव्हता. दार उघडलं. सत्तरीच्या, चांगल्या आडव्या बांध्याच्या एक बाई, डोक्याला टॉवेल करकचून बांधलेला, चेहरा लिंबासारखा पिवळा. मागे खिडकीचा पडदा कपड्यांचे चिमटे लावून गच्च बंद केलेला. "तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी शेजारी. म्हणजे, चौतीस दारं सोडून."

"मग काय हवंय?"

आयुष्यात खाटमास्तरांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "तुमचं ताट तसंच होतं," ते पुटपुटले. "म्हटलं बघावं."

"जिवंत आहे हो. नाइलाज आहे. मुलांनी घराला रंग काढलाय, म्हातारीची अडगळ नको म्हणून मला समुद्रात सोडलं. माळ्यावर टाकलं असतं तरी मी तक्रार केली नसती! त्यात ही खिडकीची खोली. ते पाणी हललेलं दिसलं की पोटातलं सगळं वर येतं. चिमटे लावून बसलेय."

दात आहेत त्याला चणे नाहीत आणि चणे आहेत त्याला दात नाहीत, ते असं. चणे इथे चिमटे लावून बंद होते. खाटमास्तर दारातच उभे राहून बोलायला लागले आणि सगळं बोलून गेले. मणका, बॉयलरची भिंत, काठ नसलेलं पाणी. या पडदेवाल्या ताईंनी ते ऐकता ऐकताच कॉटखालची पिशवी ओढून काढली होती.

"अहो मग उभे काय? घेऊन या त्यांना आत्ताच्या आत्ता. मी तुमच्या खोलीत जाते. मला भिंतच हवीय."

दुसरा कुणीही असता तर त्याने ताईंचे पाय धरले असते आणि धावत जाऊन बायकोला आणलं असतं. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळलंही नसतं. पण हे खाटमास्तर. "उपकार झाले," ते म्हणाले. "एवढं काउंटरवर सांगून येतो. रीतसर नोंद झालेली बरी."

"कशाला?" ताई म्हणाल्या.

"रीतसर," खाटमास्तर पुन्हा म्हणाले, आणि गेले.

काउंटरवरच्या मुलीने आतून साहेबांना बोलावलं. साहेब मऊ बोलणारे होते. प्रवाशांनी परस्पर केबिन बदलायची नसते, ते म्हणाले. संकट आलं तर कोण कुठे आहे ते यादीवरून कळलं पाहिजे. ताईंना ती केबिन नको असेल तर जरूर सोडावी. मग ती यादीतल्या पहिल्या नंबराला जाईल. पहिला नंबर एका गृहस्थांचा होता, त्यांना आंघोळीला टब हवा होता.

"माझी बायको..." खाटमास्तर म्हणाले.

साहेबांनी अर्ज काढून पाहिला. "कारणाच्या जागी तुम्ही रेघ मारली आहे."

"आता लिहितो. पेन द्या."

"आता कसं लिहिता येईल? इतरांवर अन्याय होईल. नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही जाणते आहात, तुम्हीच सांगा, पटतं ना?"

आणि एकतीस वर्षांच्या सवयीने खाटमास्तरांची मान हलली. पटतं म्हणून हलली. जिना चढताना त्यांना स्वतःच्या मानेची इतकी किळस आली, की ते पायरीवरच बसले.

ते वर पोचायच्या आधी साहेबांचा फोन ताईंकडे पोचला होता. ताईंनी दार बोटभर उघडलं. "नाव लिहून घेतलं माझं. परक्याला आत घ्यायचं नाही म्हणाले. केबिन सोडली तर कुणी टबवाला येणार म्हणे! तुम्ही आपल्या पायावर धोंडा मारून घेतलात आणि उरलेला माझ्या पायावर टाकलात. मला या वयात तक्रारी नकोत हो." दार लागलं. तेल गेलं, तूप गेलं. खाटमास्तर बंद दाराला "बरोबर आहे" म्हणाले आणि चौतीस दारं मोजत परत आले. बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं काय? मिळाली होती, मी विचारायला गेलो म्हणून गेली?

सहावा दिवस उजाडला, म्हणजे घड्याळात उजाडला. खाटमास्तरांनी चमच्याने चहा पाजला, तो ओठांच्या कडेने उशीवर आला. त्यांनी टीव्ही लावला. आज कॅमेऱ्यावर ऊन पडलं होतं, पाणी चमकत होतं.

"बंद करा ते," बायको म्हणाली. "राहू द्या आता."

"अगं, अजून आज आणि उद्या..."

"राहू द्या." तिने हळूहळू हात वर नेला, चष्मा काढला, उशाजवळची डबी चाचपून उघडली, चष्मा आत ठेवला आणि डबी बंद केली. टक् असा आवाज झाला. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली.

खाटमास्तरांतल्या नवऱ्याला काही कळायच्या आत त्यांच्यातल्या कारकुनाला कळलं होतं. एकतीस वर्षं ते हेच वाचत आले होते. विसळलेला थर्मास, घडी घातलेली शाल, डबीत गेलेला चष्मा. खाट मोकळी होणार. आणि पुढच्या नंबराला पुकारायला इथे कुणी नव्हतं, पुढचा नंबर नव्हताच. होती ती एकच बाई, जी एकतीस वर्षं भिंतीकडे तोंड करून शिवत होती आणि आता भिंतीकडे तोंड करूनच जायला निघाली होती. "नको," ते मोठ्याने म्हणाले. "नको, नको, नको." आणि अनवाणीच दाराबाहेर पडले.

ताईंच्या दारावर त्यांनी टकटक केली नाही, दोन्ही हातांनी दार बडवलं. ताईंनी उघडलं तेव्हा समोर साठी उलटलेला माणूस हात जोडून उभा होता आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. "मी भीक मागतो," खाटमास्तर म्हणाले. "नियम खड्ड्यात गेला. तिने चष्मा काढून ठेवलाय. ताई, मी भीक मागतो तुमच्याकडे."

चष्म्याचं ताईंना काय कळणार? पण समोरचं तोंड त्यांना कळलं. "आधी नाक पुसा," त्या म्हणाल्या. "आणि आणा त्यांना. लिहू द्या काय लिहायचं ते."

खाटमास्तरांनी बायकोला उचललं. उचलताना घाबरले, कारण ती शिवलेल्या गणवेशांच्या गठ्ठ्याहूनही हलकी होती. चाकाच्या खुर्चीत उशा कोंबून, तिला आडवीतिडवी टेकवून ते बोळात आले. समोरून खोल्या साफ करणारा माणूस चादरींची गाडी ढकलत येत होता. केस पिकलेला, रोज सकाळी अदबीने नमस्कार करणारा. तो थांबला. खुर्ची, उशा, अनवाणी पाय, सगळं त्याने पाहिलं.

"अपग्रेड मिळालं का साहेब?"

"हो," खाटमास्तर म्हणाले. "मिळालं." जन्मातलं पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज आलं की त्यांना वाटलं, हे कायमचंच तोंडात होतं की काय.

त्या माणसाचा चेहरा खुलला. त्याने आपली गाडी तिथेच सोडली, खुर्चीचं एक टोक धरलं, वाटेत उंबरा आला तिथे चाक अलगद उचललं. पलंगावर ठेवताना पायांकडून त्यानेच धरलं, आणि "बाईंना आराम पडू दे" म्हणून निघून गेला.

ताईंनी चिमटे काढले. मग पलंगाकडे पाठ करून खुर्चीत बसल्या, टॉवेल डोळ्यांवर ओढला आणि म्हणाल्या, "सरकवा. मी बघत नाही."

खाटमास्तरांनी पडदा सरकवला. खोलीभर उजेड झाला. बायकोने डोळे किलकिले केले. मग कशीबशी म्हणाली, "पांढरं दिसतंय हो नुसतं. चष्मा?"

चष्मा डबीत, डबी पलंगावर, पलंग चौतीस दारं पलीकडे. त्या वयात खाटमास्तर ज्या वेगाने गेले आणि आले तो वेग त्यांनी नोकरीत कधी दाखवला नव्हता. येता येता गुडघा भिंतीवर आपटला. चष्मा तिच्या कानांवर चढवताना एक काडी दोनदा निसटली.

ती बघायला लागली. बघण्यासारखं तसं काहीच नव्हतं. पाणी होतं. खिडकीच्या खालच्या कडेपासून सुरू होऊन ते लांब, आणखी लांब जात होतं आणि आभाळाला टेकत होतं. एक पक्षी नाही, होडी नाही.

"काठ नाहीच की," ती म्हणाली.

"नाही," खाटमास्तर म्हणाले.

"कुठेच नाही." तिच्या चेहऱ्यावर लहान पोरीसारखं हसू आलं आणि तसंच राहिलं. खाटमास्तर खिडकीकडे बघतच नव्हते. ते चष्म्याच्या काचेत बघत होते, तिथे दोन इवल्या खिडक्या होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पाण्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "नंबर लागला?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. एकदा खोटं बोललेल्याला दुसरं जड नसतं. पण तिच्याशी ते जमेना. "नाही," ते म्हणाले. "दोनच आहे अजून."

"मग?"

"विचारलं होतं. नाही म्हणाले. तरी आणलं तुला."

आता तिने मान वळवली. शिवण तपासताना बघायची तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जमतं की तुम्हाला," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. राग असता तर खाटमास्तरांना बरं वाटलं असतं, रागावणाऱ्यांना काय सांगायचं ते त्यांना पाठ होतं. मग ती म्हणाली, "आई चार दिवस होती हो बाकावर. पाणी मागत होती, आणि तुमच्या खिडकीकडे बघत होती."

खाटमास्तरांनी तोंड उघडलं. नियम, वही, इतर पाच जण, त्यांच्याही आया. तीस वर्षं हे सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं आणि आता त्यातलं एक अक्षर वर येईना. ते पलंगाशी जमिनीवर बसले, तिचा हात धरला आणि हुंदके देऊन रडले. ताई टॉवेलखाली अवघडून बसल्या होत्या. बायकोने हात सोडवून घेतला नाही, पण त्यांना रडू नका असंही ती म्हणाली नाही. तिने पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. काउंटरचाच असणार. चादरींच्या गाडीवाल्याने खाली जाऊन कौतुकाने सांगितलं असेल, सहाव्या मजल्यावरच्या बाईंना खिडकी मिळाली. खाटमास्तरांचा हात सवयीने फोनकडे गेला.

"उचलू नका," बायको म्हणाली.

खाटमास्तरांनी हात मागे घेतला. फोन वाजत राहिला, आणि ती बघत राहिली.